संगणकशास्त्राची बाराखडी

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांची लेखकसूची करण्याचे काम मराठी विभागाने काही वर्षांपूर्वी अंगावर घेतले. पहिली कित्येक वर्षे ती नुसती नोंदवह्यांत होती. मग विद्यार्थ्यांच्या चार-पाच तुकड्यांनी ती ज्याला जसे जमेल तसे संगणकावर टंकित केले. मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. अकरावी-बारावीला माझ्याकडे मराठी शिकलेला, पुढे संगणक अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवलेला, हुशार आणि कामसू मुलगा. दोन संध्याकाळींत त्याने सगळ्या नोंदी एकत्र केल्या, अकारविल्हे लावल्या आणि शोधण्याची सोयही करून दिली. आम्ही खूश झालो. तिसऱ्या दिवशी तपासायला बसलो तेव्हा सूचीत काही चमत्कारिक गोष्टी दिसू लागल्या. 'काळे' हे आडनाव 'कासार'च्या आधी आले होते. आमच्या बाराखडीच्या सवयीने 'ळ' हा 'ह'नंतर यायला हवा. 'क्षीरसागर' हे कोल्हटकर आणि खांडेकर यांच्या मध्ये जाऊन बसले होते. आणि आचार्य अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्रावरचे लेख दोन वेगळ्या ग्रंथांखाली विभागले गेले होते. दोन्ही ठिकाणी नाव तेच, अक्षरे तीच, दिसायला तंतोतंत सारखी. एकाचा शोध घेतला की दुसरे सापडत नव्हते.

"सर, दोन्ही सारखंच दिसतंय, मग मशीन वेगळं का म्हणतंय?" त्याने मला विचारले.

प्रश्न मी त्याला विचारायचा होता. चार वर्षे संगणकशास्त्र शिकलेल्या माणसाला संगणक अक्षर कसे साठवतो हे ठाऊक असेलच, अशी माझी बापडी समजूत होती. त्याला ते कोणी सांगितले नव्हते, आणि आपल्याला ते माहीत नाही हेही त्याला त्या दिवशीच कळले.

'हल्लीच्या पदवीधरांना साध्या गोष्टी येत नाहीत' ही तक्रार आपण मराठीचे शिक्षक रोज करतो, त्यामुळे दुसऱ्या विद्याशाखेतही तीच ऐकली की मनाला जरा बरे वाटते. तो मोह मलाही झाला. परंतु त्या मुलाचा प्रश्न मनातून जाईना, म्हणून संगणकशास्त्रातल्या या तक्रारीचा इतिहास वाचायला घेतला. तो वाचताना असे दिसले की 'पाया' म्हणजे नक्की काय, याचे उत्तर त्या शास्त्रात दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत आले आहे, आणि बऱ्याचदा ते समजून-उमजून बदलले गेले आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले 'एडसॅक' हे यंत्र मे १९४९मध्ये चालू झाले. त्याची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून फिरत राहणाऱ्या ध्वनिलहरी होत्या. त्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्या नळ्यांविषयी माहिती असणे भागच होते. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१मध्ये प्रोग्राम कसा लिहावा यावर पुस्तक काढले. या विषयावरचे ते पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. केंब्रिजने १९५३मध्ये पदविका सुरू केली, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींनी 'टिफ्रॅक' हा संगणक स्वतः बांधून १९६०मध्ये कार्यान्वित केला, आणि कानपूरच्या आयआयटीत १९६३मध्ये आयबीएमचे १६२० हे यंत्र आले. या साऱ्या मंडळींना यंत्राचा तळ आणि माथा एकाच दृष्टिक्षेपात दिसत होता. यात त्यांच्या बुद्धीचा भाग होताच, पण इमारतच एकमजली होती, हेही खरे.

पुढे मजले चढत गेले. १९५७मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा आणली. सूत्र लिहावे तसा प्रोग्राम लिहायचा, यंत्राच्या आज्ञांत त्याचे रूपांतर दुसरा प्रोग्राम करून देईल. म्हणजे यंत्राच्या आज्ञा विसरण्याची मुभा मिळाली. त्यानंतर स्मृतीचे खण स्वतः वाटण्याचे कष्ट गेले, मग ते परत करण्याचे कष्टही गेले. प्रत्येक नव्या थराचा हेतूच असा की वरच्याने खालचे विसरावे. हे विसरणे ही या शास्त्राची मोठी कमाई आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. छापखान्यात खिळे जुळवता येत नसलेल्या लेखकाला आपण अडाणी म्हणत नाही.

पण मग तक्रार कुठून सुरू होते? तिची एक गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मोल्सवर्थच्या कोशात एखादा शब्द शोधायचा असला तर आपण पहिल्या पानापासून वाचत जात नाही. मधले पान उघडतो. शब्द त्याच्या आधी असला तर मागचा अर्धा भाग सोडून देतो, पुन्हा उरलेल्याचा मध्य काढतो. संगणकशास्त्रात या युक्तीला 'बायनरी सर्च' म्हणतात आणि ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवली जाते. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की ही युक्ती १९४६मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, पण तिचे निर्दोष रूप छापून यायला १९६२ साल उजाडले. जॉन बेंटली हे बेल प्रयोगशाळेतले संशोधक. त्यांनी अनुभवी, पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांच्या वर्गांत हा साधा प्रश्न घातला आणि सोडवायला तास-दोन तास दिले. 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या १९८६च्या पुस्तकात ते सांगतात की शंभरावर लोकांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांच्या उत्तरांत चुका निघाल्या. हे पुस्तक पुढे अनेकांच्या हाती गेले आणि 'पाया कच्चा आहे' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला दिला. बेंटली यांनी आपली आज्ञावली कशी अचूक आहे हे त्यात पायरीपायरीने सिद्धही करून दाखवले होते.

बेंटली कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवत असताना जोशुआ ब्लॉक नावाचा विद्यार्थी त्यांच्या वर्गात होता. पीएच.डी.च्या त्या वर्गालाही त्यांनी हाच प्रश्न घातला होता आणि बहुतेकांचे उत्तर चुकले होते. याच ब्लॉक यांनी पुढे जावा भाषेच्या मूळ संग्रहात बायनरी सर्च लिहिले, गुरूंच्या पद्धतीने. जून २००६मध्ये त्यांनी जाहीर केले की त्या आज्ञावलीत सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती, आणि तीच चूक बेंटलींच्या सिद्ध केलेल्या आज्ञावलीतही होती. चूक काय? मध्य काढण्यासाठी आरंभ आणि शेवट यांची बेरीज करून तिला दोनाने भागायचे. शाळेत सातवीला आपण हेच करतो. पण संगणकातला पूर्णांक अमर्याद वाढत नाही. बत्तीस खणांच्या पूर्णांकाची सीमा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही आहे, तिच्यापुढे गेले की संख्या एकदम ऋण होते. यादीत शंभर कोटींहून अधिक नोंदी असल्या की ही बेरीज सीमा ओलांडू शकते. १९८६ साली एवढी मोठी यादी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. गणित बरोबर होते. यंत्रातला आकडा म्हणजे गणितातला आकडा नव्हे, एवढेच गुरूही विसरले आणि शिष्यही.

या गोष्टीचे तात्पर्य काढण्याचा मोह टाळतो. मात्र 'आमच्या वेळी पाया पक्का होता' असे म्हणणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठासमोर ती ठेवावी असे वाटते, मग तो कोणत्याही विभागाचा असो.

तक्रारी मात्र येतच राहिल्या. त्यांतली सर्वांत टोकाची भूमिका एड्सगर डायक्स्ट्रा यांची. ते टेक्सासच्या ऑस्टिन येथील विद्यापीठात होते. १९८८च्या एका टिपणात त्यांनी असे सुचवले की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रोग्राम यंत्रावर चालवूच देऊ नये. जी भाषा आवारातल्या कोणत्याही यंत्रावर चालत नाही तीत त्याने लिहावे आणि अचूकता तर्काने सिद्ध करावी. व्याकरण पक्के होईपर्यंत बोलायचे नाही, अशा जातीचा हा आग्रह आहे. तो कुठे रुजला नाही, आणि रुजला असता तर फार मुले टिकली नसती असे माझे मत. पण त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती. यंत्रावर चालवून पाहण्याची सोय झाली की 'चालले' आणि 'कळले' यांतला फरक पुसट होतो.

दुसऱ्या टोकाला एमआयटीची हकीकत आहे. तेथे एबल्सन आणि सस्मन या दोघांनी शिकवलेला पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम जगभर गाजला. त्याचे पुस्तक १९८५मध्ये आले. थोड्या स्पष्ट नियमांतून, स्वतःच्या हाताने, तळापासून सगळे उभे करायचे, ही त्याची रीत. २००८च्या सुमारास एमआयटीनेच तो बंद केला आणि पायथन भाषा व छोटे यंत्रमानव वापरणारा दुसरा अभ्यासक्रम आणला. सस्मन यांनी नंतर दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. पूर्वी अभियंता नीट समजलेल्या लहान भागांतून मोठी वस्तू बनवत असे, आता त्याला दुसऱ्यांनी लिहिलेले अवाढव्य संग्रह वापरावे लागतात, ते आतून कळणे शक्य नसते. मग थोडे हलवून पाहायचे, काय होते ते बघायचे आणि कामापुरते जमवायचे. ज्याने पाया शिकवण्याचा आदर्श घालून दिला त्यानेच पाया दिसेनासा झाल्याचे मान्य केले. मला यात प्रामाणिकपणा दिसतो, आणि थोडी खंतही.

याच काळात नोकरी देणाऱ्यांच्या बाजूनेही ओरड वाढली. जोएल स्पोल्स्की यांनी डिसेंबर २००५मध्ये लिहिले की फक्त जावा शिकवणाऱ्या महाविद्यालयांतून येणाऱ्यांना पॉइंटर आणि रिकर्शन या दोन संकल्पनांशी झगडावेच लागत नाही. २००७मध्ये इम्रान घोरी यांनी मुलांच्या खेळावरून बेतलेला एक प्रश्न प्रसिद्ध केला. एक ते शंभर आकडे छापायचे, तीनच्या पटीला एक शब्द, पाचच्या पटीला दुसरा, दोन्हींच्या पटीला दोन्ही शब्द. एवढेही अनेक उमेदवारांना जमत नाही, यावर पुढे बरेच रणकंदन झाले. त्याआधी २००१मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या २१६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली होती. ११०पैकी सरासरी गुण पडले २२.८९. म्हणजे ही केवळ आपल्या गल्लीतली कहाणी नाही. आपल्याकडचे आकडे अधिक भडक असतात. ५००हून अधिक महाविद्यालयांतल्या ३६,००० विद्यार्थ्यांच्या चाचणीवरून २०१७मध्ये 'अ‍ॅस्पायरिंग माइंड्स'ने जाहीर केले की अचूक तर्क लिहू शकणारे पाच टक्क्यांहूनही कमी आहेत. ही संस्था स्वतः अशा चाचण्या विकण्याच्या व्यवसायात होती, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा. २०१९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या तुलनात्मक अभ्यासातही, अखेरच्या वर्षाचे अमेरिकी विद्यार्थी हे भारत, चीन आणि रशिया या तिन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांच्या स्पष्टपणे पुढे असल्याचे आढळले. अमेरिकेतले लोक आपल्या पदवीधरांच्या नावाने खडे फोडतात आणि आपण त्यांच्याहून मागे, असा हा सगळा प्रकार.

या साऱ्या साहित्यात मला अधिक उजेड पाडणाऱ्या वाटल्या त्या दोन छोट्या घटना. एबेन अप्टन हे केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राच्या प्रवेशाचे काम पाहत असताना त्यांच्या व सहकाऱ्यांच्या लक्षात आले की अर्ज घटत आहेत आणि येणाऱ्या मुलांना पूर्वीइतके काही येत नाही. पूर्वीच्या मुलांना ते कोणी शिकवले होते? कोणीच नाही. १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश घरांत बीबीसी मायक्रोसारखे संगणक असत. ते चालू केले की पडद्यावर प्रोग्राम लिहिण्याची जागाच समोर येई. मुले घरीच शिकून येत आणि विद्यापीठ ते गृहीत धरी. घरातला तो संगणक गेला, बंद पेटीसारखी यंत्रे आली, आणि जे कधी अभ्यासक्रमात नव्हतेच ते अदृश्यपणे नाहीसे झाले. त्यावरचा उपाय म्हणून अप्टन प्रभृतींनी 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त संगणक बनवला. तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. दुसरी घटना २०२०ची. एमआयटीच्या तीन संशोधक विद्यार्थ्यांनी हिवाळ्याच्या सुटीत एक वर्ग घेतला. विषय काय, तर आज्ञा टंकित करून यंत्राशी बोलणे, संपादक वापरणे, लिखाणाच्या आवृत्त्या जपून ठेवणे. वर्गाचे नावच त्यांनी 'हरवलेले सत्र' अशा अर्थाचे ठेवले. प्रत्येक प्राध्यापकाला वाटत होते की हे दुसऱ्या कोणीतरी शिकवले असेल.

पदवीधरातली उणीव बहुधा अशा ठिकाणी असते. विसरलेली गोष्ट निदान वहीत सापडते. 'हे तर येतच असणार' म्हणून कोणीच न सांगितलेली गोष्ट कुठेच सापडत नाही. आमच्या सूचीतला घोटाळा याच जातीचा होता, आणि त्याची मुळे शोधताना मला मराठीच्या माणसाने वाचायलाच हवा असा इतिहास हाती लागला.

पहिल्या वर्षाला सर्वत्र देतात तो एक स्वाध्याय घ्या. दिलेला शब्द उलटा करा, आणि उलटसुलट सारखाच आहे का ते सांगा. संगणक शिकलेल्या प्रत्येकाने तो 'मॅडम' या इंग्रजी शब्दावर सोडवलेला असतो. आता आपल्या लहानपणीचे 'रामाला भाला मारा' हे वाक्य त्याच प्रोग्रामला द्या. रा-मा-ला-भा-ला-मा-रा, मधल्या जागा सोडून उलट वाचले तरी तेच. पहिलीतले मूलही टाळी वाजवते. प्रोग्राम म्हणतो, नाही. कारण संगणकाच्या लेखी 'रा' हे एक अक्षर नाही, 'र' आणि काना अशा दोन नोंदी आहेत. उलटे करताना आधी काना येतो, मग र. पडद्यावर निराधार काना टिंबांच्या वर्तुळाला टेकून उभा राहतो. ते वर्तुळ आपण सर्वांनी पाहिलेले आहे. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरी, संगणकाला पाच नोंदींचा, आणि यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत साठवला तर पंधरा बाइटांचा. 'या शब्दात किती अक्षरे आहेत?' या प्रश्नाची अशी तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. पदवीधराला त्यांतले एकच ठाऊक असते, कारण तो ज्या भाषेत शिकला तिथे ही तिन्ही उत्तरे एकच येतात.

हे असे का झाले? १९६३मध्ये अमेरिकेत 'ॲस्की' हा संकेत ठरला. सात खणांचा, म्हणून १२८ जागा. इंग्रजीला तेवढ्या पुरल्या. एक अक्षर, एक जागा, एक बाइट हे समीकरण त्यातून पाठ्यपुस्तकांत उतरले. सी भाषेवरच्या कर्निगन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकावर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांनी अक्षर म्हणजे बाइट हे गृहीत धरले. आपल्याकडे स्वतंत्र विचार झाला नाही असे नाही. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि त्यातून 'इस्की' हा भारतीय संकेत आला. त्याची १९८८ची आवृत्ती आणि नंतर १९९१चे भारतीय मानक. त्याची कल्पना फार सुंदर होती. ब्राह्मीच्या सगळ्या लेकींना एकच आराखडा द्यायचा, म्हणजे देवनागरीतला 'क' आणि तमिळमधला 'क' एकाच जागी, लिपी बदलली तरी मजकूर तोच. याच आराखड्यावरून १९९१मध्ये युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली. सर्वांना सामावणाऱ्या त्या आराखड्यात 'ळ'ला 'ल'शेजारी जागा मिळाली. आमच्या सूचीतले काळे कासारांच्या पुढे गेले ते या कारणाने. त्यात कोणाची चूक नाही. संकेतातली जागा म्हणजे कोशातला क्रम नव्हे, क्रमाचे नियम वेगळे सांगावे लागतात, आणि मराठीसाठी ते नियम केव्हाच लिहून ठेवलेले आहेत. प्रोग्राममध्ये त्यांना हाक मारायची असते, इतकेच. आमच्या मुलाला ते आहेत हे माहीत नव्हते.

'कऱ्हे'चे कोडे याहून बारीक. मराठीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो. नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडायचा हा एक मार्ग. साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण, हा दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखे. विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी वेगळे कळफलक वापरले, आणि अत्र्यांचे एक पुस्तक दोन झाले. अशी किती पुस्तके, किती नावे, किती 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्या' आपल्या महाजालावरच्या मजकुरात एकमेकांना सापडत नसतील, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होते.

आणि हे झाले युनिकोडातल्या मजकुराचे. त्याआधीची दहा-पंधरा वर्षे मराठी ग्रंथ, दिवाळी अंक, वृत्तपत्रे ज्या फॉन्टांत जुळवली गेली, त्यांत एक साधी क्लृप्ती होती. संगणकाला इंग्रजीच आहे असे भासवायचे आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. 'कृतिदेव' या फॉन्टात 'मराठी' लिहिले की संगणकाच्या स्मृतीत ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टाचा नकाशा वेगळा. छापील पान देखणे येई, आणि छापील पान एवढेच तेव्हाचे साध्य होते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत यूटीएफ-८ची मांडणी केली ती १९९२मध्ये. विंडोज २०००मध्ये देवनागरी नीट जुळवण्याची सोय आली. मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाला. तरीही जुळारी आपल्या ओळखीचे फॉन्ट वापरत राहिले, आणि त्यांना हाताशी धरून काम करणाऱ्या संगणक पदवीधरांपैकी 'हा मजकूर आहे की नुसते चित्र?' हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ऑक्टोबर २००३मध्ये याच स्पोल्स्की यांनी अक्षरसंकेतांवर एक लेख लिहिला होता. हे किमान ज्ञान नसलेला प्रोग्रामर सापडला तर त्याला पाणबुडीत सहा महिने कांदे सोलायला बसवीन, अशी धमकीही त्यांनी दिली होती. इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाने ही धमकी द्यावी आणि अनेक लिप्यांच्या देशातल्या अभ्यासक्रमांनी ती मनावर घेऊ नये, याचे मला नवल वाटते.

येथवर लिहिल्यावर स्वतःविषयीही लिहिणे भाग आहे. मी मराठीचा एम.ए. मध्ययुगीन गद्य शिकवताना बखरींवर मी तास-तास बोलतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली ती कोणत्या कागदांवरून, हे विद्यार्थ्यांना सांगतो. ते कागद मोडीत आहेत आणि मला मोडी वाचता येत नाही. मोडी शाळांतून १९५०च्या सुमारास गेली. माझ्या शिक्षकांपैकी काहींना ती येत असावी, पण कोणी शिकवली नाही आणि आम्ही कोणी मागितली नाही. छापील बाळबोध आवृत्ती हाताशी होती, तो आमचा वरचा मजला. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचे रुमाल समोर ठेवले तर मी पदवीधर असूनही निरक्षर आहे. हे मी त्या मुलाला सांगितले. तो हसला नाही. "म्हणजे तुमच्याकडेपण कन्व्हर्टर नाही," एवढेच म्हणाला.

सूची आता दुरुस्त झाली आहे. अत्र्यांचे पुस्तक एक झाले, काळे आपल्या जागी गेले. 'क्षीरसागर' शेवटी न्यायचे की 'क'मध्येच ठेवायचे, यावर विभागात दोन तट पडले आणि अखेर बाईंच्या आग्रहाने शेवटी नेले. आता आम्ही दोघे दुसऱ्या कामाला लागलो आहोत. १९९० नंतरच्या सहा अंकांची मूळ टंकित प्रत एका तबकडीवर सापडली. छापखाना बंद पडला आहे आणि फॉन्टाचे नाव कोणाला आठवत नाही. फाइल उघडली की रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रांगा दिसतात. अंकाची छापील प्रत माझ्या हातात असते, मी एकेक शब्द वाचतो, तो समोरच्या चिन्हाशी जुळवून तक्त्यात लिहितो. दर शनिवारी दोन तास. स्वर आणि साधी व्यंजने झाली, वेलांट्या झाल्या, रफार सापडला. 'श्र' गेल्या आठवड्यात एका तारांकित चिन्हाखाली मिळाला. 'ऱ्ह' अजून मिळालेला नाही.